प्रकरण ७ : निवड समिती कुठे बसते?

"मुलगा बरा खेळतो. क्लासचे सर म्हणतात, बाहेरच्या स्पर्धांना पाठवा. आता निवड व्हायची तर कुणाला भेटायचं?"

वसई पूर्वेला वालीवसारख्या वस्तीत मुलाच्या हातात बुद्धिबळाचा पट आला आणि एक-दोन चषक घरी आले, की हा प्रश्न येतोच. विचारणारे आईवडील बहुधा गाळ्यावर किंवा कंपनीत कामाला असतात, रविवार तेवढा मोकळा. त्यांच्या मनात एक चित्र असतं. कुठेतरी एक समिती बसते, ती मुलांचे डाव बघते, नावं लिहून घेते, आणि तिच्यापर्यंत आपलं नाव पोचवणारा माणूस सापडला की झालं. हे चित्र क्रिकेटमुळे डोक्यात बसलेलं आहे. तिथे निवडकर्ते असतात, ते बैठका घेतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नावं येतात.

बुद्धिबळात, निदान लहान मुलांच्या वयोगटांत, अशी समिती जवळजवळ नाहीच. तुमच्या मुलाने घोड्याचा सुंदर बळी देऊन डाव जिंकला की नव्वद चालींपर्यंत रखडत जिंकला, हे कुणी बघत नाही. दोन्हीचा एकच गुण. शेवटच्या फेरीनंतर जो तक्ता लागतो, तोच निवड करतो. म्हणून "कुणाला भेटायचं?" या प्रश्नाचं उत्तर "कुणालाच नाही" असं आहे. वाचायचं मात्र बरंच आहे. हे प्रकरण त्या वाचनाची तयारी समजा.

१. 'आंतरराष्ट्रीय' म्हणजे नक्की काय?

आधी एक गोंधळ निस्तरू. गोव्यात, दिल्लीत, मुंबईत आंतरराष्ट्रीय खुल्या स्पर्धा होतात. त्यांत परदेशी ग्रँडमास्टर येतात, आणि खालच्या गटांत प्रवेश शुल्क भरून कुणालाही खेळता येतं. त्यासाठी निवड वगैरे काही लागत नाही. नाव नोंदवा, पैसे भरा, खेळा. मुलाला दमदार प्रतिस्पर्धी मिळतात, हा फायदा खराच. पण "आमच्या मुलाची आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड झाली" असं त्याबद्दल सांगणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक.

खरी निवड लागते ती देशाच्या नावाने खेळायच्या स्पर्धांना. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, वयोगटांच्या जागतिक स्पर्धा घेतो. ८, १० आणि १२ वर्षांखालच्या मुलांची एक स्पर्धा, १४, १६ आणि १८ खालच्यांची दुसरी, आणि त्याच्या वर २० वर्षांखालची जागतिक ज्युनिअर. ही शेवटची सगळ्यांत जुनी, १९५१ पासूनची. विश्वनाथन आनंद १९८७ साली हीच जिंकला होता. याशिवाय आशियाई वयोगट स्पर्धा, राष्ट्रकुल स्पर्धा आणि शालेय जागतिक स्पर्धा आहेत. या सगळ्यांत भारताच्या नावाने प्रवेशिका पाठवायचा अधिकार एकाच संस्थेला आहे : अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ. क्लासला नाही, जिल्हा संघटनेला नाही, नगरसेवकाला तर नाहीच.

२. एक जानेवारीची रेघ

पहिला नियम जन्मतारखेचा. तो इतका साधा आहे की लोक तो नीट वाचतच नाहीत.

वय मोजायचं ते त्या वर्षाच्या १ जानेवारीला. जगात वयोगट सम आकड्यांचे आहेत : ८, १०, १२ वगैरे. आपल्या राष्ट्रीय स्पर्धा मात्र ७, ९, ११, १३ वर्षांखालच्या. असं का? कारण यंदाची राष्ट्रीय स्पर्धा पुढच्या वर्षाच्या जागतिक स्पर्धेसाठी मुलं निवडते. यंदा नवाखाली खेळलेलं मूल पुढच्या वर्षी दहाखालीच असणार.

उदाहरण घेऊ. २०२५ च्या ९ वर्षांखालच्या राष्ट्रीय स्पर्धेला १ जानेवारी २०१६ ला किंवा त्यानंतर जन्मलेलं मूल चालतं. २०२६ च्या १० वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेलाही तीच तारीख, १ जानेवारी २०१६. रेघ एकच, फक्त एक वर्ष पुढे सरकलेली.

आता या रेघेच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन मुलं बघा. एक ३१ डिसेंबर २०१५ च्या रात्री जन्मलं, दुसरं १ जानेवारी २०१६ च्या पहाटे. कदाचित एकाच प्रसूतिगृहात, शेजारच्या खाटांवर. २०२५ मध्ये दुसरं मूल नवाखालच्या गटात सगळ्यांत मोठं ठरतं. पहिल्याला अकराखाली जावं लागतं, आणि तिथे त्याच्यासमोर दोन वर्षांनी मोठी मुलंही बसतात. आठ-दहाच्या वयात दोन वर्षं म्हणजे फार. दोन वर्षांचा सराव तर आहेच. शिवाय साडेतीन तास खुर्चीवर टिकून बसायची ताकदही.

यातून एक गोष्ट निघते, जी मला तरी बऱ्याच पालकांना समजावून सांगावी लागली. प्रत्येक गटात दोन वर्षांची मुलं असतात. म्हणून तुमचं मूल एक वर्ष गटात 'मोठं' असतं, पुढच्या वर्षी वरच्या गटात जाऊन 'लहान' होतं. आलटून पालटून. २०१६ सालच्या मुलाची राष्ट्रीय स्पर्धेतली मोठी वर्षं २०२५, २०२७, २०२९. २०१५ च्या मुलाची २०२४, २०२६, २०२८. थोडक्यात, जन्माचं साल सम असेल तर विषम वर्षं मोलाची, विषम असेल तर सम. जागतिक स्पर्धेसाठी हेच उलटं होतं, कारण ती एक वर्षाने पुढे असते.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. नाशिकच्या विदित गुजराथीचा जन्म १९९४ चा. २००८ साली व्हिएतनाममधल्या वुंग ताऊ इथे तो ११ पैकी ९ गुण मिळवून १४ वर्षांखालचा जगज्जेता झाला. ते त्याचं त्या गटातलं मोठं वर्ष होतं. आर. प्रज्ञानंद २००५ चा. २०१३ मध्ये आठाखाली आणि २०१५ मध्ये दहाखाली जगज्जेता, दोन्ही मोठी वर्षं. डी. गुकेश २००६ चा. २०१८ मध्ये बाराखाली, पुन्हा मोठं वर्ष. आणि मग नागपूरची दिव्या देशमुख येते आणि आपला सगळा हिशेब विस्कटते. तिचा जन्म डिसेंबर २००५ चा. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला ती दहाखालच्या मुलींत जगज्जेती झाली, तेव्हा गटातली अर्धी मुलं तिच्याहून एक वर्षाने मोठी होती. २०१७ ला ब्राझीलमध्ये बाराखालचं विजेतेपद तिने मोठ्या वर्षात मिळवलं. अशा मुलांना रेघेची पर्वा नसते. पण सगळीच मुलं दिव्या नसतात, आणि लहान वर्षात पंधरावा क्रमांक आला म्हणून क्लास बंद करणाऱ्या आईबापांनी हे गणित एकदा मांडून बघायला हवं.

रेघ इतकी महत्त्वाची म्हटल्यावर दाखलाही तितकाच महत्त्वाचा. जन्माची नोंद वेळेत झालेला दाखला आणि पासपोर्ट ही पहिली दोन कागदपत्रं. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात राहणारी अर्धीअधिक कुटुंबं बाहेरून आलेली : कोकणातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून. बाळंतपण गावी झालेलं असतं, नोंद ग्रामपंचायतीत, कधी उशिरा, आणि शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी सोयीने टाकलेली तारीख वेगळीच. पासपोर्टला हे कागद एकमेकांशी जुळावे लागतात. हे काम मूल राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्यावर करायचं नसतं. तेव्हा प्रवेशिकेची मुदत दहा-पंधरा दिवसांवर आलेली असते.

३. वालीवपासून वर

पायऱ्या तीन आहेत : जिल्हा, राज्य, राष्ट्र.

वालीव हे पूर्वी वेगळं गाव. २००९ साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली आणि गाव तिच्यात आलं. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे होता. त्या दिवशी पालघर वेगळा झाला. तोवर इथल्या मुलाला ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांशी झगडून जिल्ह्याच्या चमूत शिरावं लागे, आणि ती शहरं बुद्धिबळात फार तयारीची. जिल्हा वेगळा झाला तशी पहिली पायरी थोडी सोपी झाली. दुसरी तितकीच उंच राहिली.

जिल्हा निवड स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकते. वरचे काही मुलगे आणि मुली राज्य निवड स्पर्धेला जातात. ती पुण्यात, सांगलीत, नागपुरात, जळगावात, कुठेही असू शकते. वालीव नाक्यावरून रिक्षाने वसई रोड स्टेशन, तिथून लोकलने दादर, दादरहून पुढची गाडी. सोबत आई किंवा बाप, म्हणजे चार-पाच दिवसांची रजा. पगारी रजा नसलेल्या घरात चाळणी इथेच लागते, पटावर बसायच्या आधी. याला निवड म्हणत नाहीत, पण ही निवडच आहे.

राज्यातून मोजकी मुलं राष्ट्रीय स्पर्धेला जातात. किती, ते त्या वर्षाच्या परिपत्रकात लिहिलेलं असतं. मागच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत वर आलेली काही मुलं नियमाप्रमाणे थेट येतात. शिवाय जादा शुल्क भरून थेट राष्ट्रीय स्पर्धेत शिरायचा 'स्पेशल एंट्री'चा दरवाजाही वर्षानुवर्षं आहे. त्यावर लोक नाकं मुरडतात. माझं मत असं, की त्यातून आलेल्या मुलाला गुण काही फुकट मिळत नाहीत, ते पटावरच मिळवावे लागतात. पण राज्य निवडीत तिसरा-चौथा आलेल्या गरीब घरच्या मुलापुढे हा दरवाजा बंद आणि त्याच्याहून कच्च्या पण ऐपतीच्या मुलापुढे उघडा, हे काही बरं दिसत नाही.

या पायऱ्या चढताना घात होतो तो एका वेगळ्याच गोष्टीने. गल्लीतल्या, मंडळाच्या, गणेशोत्सवातल्या स्पर्धा झटपट असतात. दोघांना मिळून अर्धा-पाऊण तास. राष्ट्रीय वयोगट स्पर्धेत प्रत्येकाला ९० मिनिटं आणि वर प्रत्येक चालीला ३० सेकंदांची भर. हा फरक सभागृहात डोळ्यांनी दिसतो. पहिल्यांदा आलेलं मूल दहा मिनिटांत वीस चाली करून टाकतं. मग समोरचा विचार करत असताना ते उठतं, शेजारचे पट बघत फिरतं, पाण्याच्या पिंपापाशी जातं, पंचांनी दटावलं की परत येतं. डाव हरून ते बाहेर येतं तेव्हा त्याच्या घड्याळात अजून ८० मिनिटं शिल्लक असतात. दोरीच्या पलीकडे उभी असलेली आई विचारते, "एवढ्यात झालं?" त्याला वजीर कुठे गेला तेही सांगता येत नाही, कारण स्कोअरशीटवर आठव्या चालीनंतर काही लिहिलेलंच नसतं. चषकांनी भरलेली फळी आणि राज्य स्पर्धेत ९ पैकी ४ गुण, हे दोन्ही एकाच घरात असू शकतं, ते असं.

४. दोन शालेय वाटा, आणि त्यांची सरमिसळ

शाळेमार्फत होणाऱ्या स्पर्धा वेगळ्या. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या. महापालिका किंवा जिल्हा, मग मुंबई विभाग, मग राज्य, मग राष्ट्रीय. त्यांतून दहावी-बारावीला वाढीव क्रीडा गुण मिळू शकतात, आणि पुढे सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणासाठी प्रमाणपत्रं कामी येतात. पण ही वाट फिडेच्या जागतिक वयोगट स्पर्धेकडे जात नाही.

फिडेचीही एक शालेय जागतिक स्पर्धा आहे, ७, ९, ११, १३ अशा विषम गटांची. तिच्यासाठी बुद्धिबळ महासंघ स्वतः राष्ट्रीय शालेय स्पर्धा घेतो. दोन्हींच्या नावांत 'शालेय' आणि 'राष्ट्रीय' असल्याने पालकांची गफलत होते. ओळखायची खूण सोपी : परिपत्रक कुणाच्या सहीचं आहे ते बघा.

५. सगळ्यांशी न खेळता पहिला कोण, हे कसं ठरतं?

राज्य निवड स्पर्धेच्या एका गटात सव्वाशे मुलं आली, असं धरू. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं तर महिने लागतील. बाद पद्धत लावली तर अर्धी मुलं पहिल्या दिवशी घरी. म्हणून स्विस लीग पद्धत. कुणी बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण तुमच्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी तुमच्यासमोर येतो, आणि एकदा खेळलेल्याशी पुन्हा गाठ पडत नाही. पहिल्या फेरीत रेटिंगप्रमाणे, म्हणजे ताकदीच्या आकड्याप्रमाणे, यादी लावून वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो : १२८ मुलं असतील तर पहिल्याची गाठ पासष्टाव्याशी. दर फेरीला पूर्ण गुण असलेली मुलं निम्मी होत जातात. सात फेऱ्यांत १२८ मधून एकच निर्विवाद पहिला उरतो. पण निवडायचे असतात दोघे-चौघे, म्हणून फेऱ्या थोड्या जास्त, बहुधा आठ-नऊ.

आता खरी गंमत. सारख्याच गुणांवर चार-पाच मुलं असतात आणि जागा असते एक. मग टायब्रेक. तो पुष्कळदा आधी आपसातला डाव बघतो, आणि तो झालेलाच नसेल तर 'बुखोल्झ' लावतो : तुम्ही ज्यांच्याशी खेळलात, त्यांनी स्पर्धेत मिळवलेल्या गुणांची बेरीज. दोन मुलांना परीक्षेत सारखेच गुण पडले, पण एकाचा पेपर अवघड होता. तर तो पुढे. इतकाच त्यामागचा विचार.

बंड्या आणि गंप्या पाच फेऱ्यांची स्पर्धा खेळले. दोघांचे ४ गुण, दोघे एकेक डाव हरले. बंड्या पहिल्याच फेरीत हरला आणि नंतर चारही जिंकला. हरल्यामुळे त्याची गाठ खालच्या मुलांशी पडत गेली. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे शेवटचे गुण ३, १, २, २ आणि ३, बेरीज ११. गंप्या पहिले चार जिंकला आणि शेवटी विजेत्याकडून हरला. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण २, अडीच, ३, साडेतीन आणि ५, बेरीज १६. कधी कधी सगळ्यांत कच्चा प्रतिस्पर्धी वगळून बेरीज करतात, म्हणजे नशिबाने पहिल्या फेरीत दुबळा भेटला याची शिक्षा नको. तसं केलं तरी बंड्याचे १०, गंप्याचे १४. राष्ट्रीय स्पर्धेला गंप्या जातो.

बंड्याच्या बाबांना हे पटत नाही. "माझा पोरगा चार डाव सलग जिंकला, तो शेवटचा हरला!" ते पंचांच्या टेबलाशी मोबाइलवरचा तक्ता नाचवत उभे राहतात. पण आकडे बघा : गंप्याची वाट चढाची होती. लवकर हरणं आणि उशिरा हरणं, दोन्हींत एकच गुण जातो, तरी दोन्ही सारखी नाहीत. म्हणून पहिल्या फेरीत "समोरचा नवखा आहे" म्हणून गाफील राहणं सगळ्यांत महाग पडतं.

टायब्रेक न्याय्य आहे का? पूर्णपणे नाही. आपल्या प्रतिस्पर्ध्यांनी पुढे काय केलं, यावर आपला काही ताबा नसतो. एखादा दोन फेऱ्या खेळून तापाने घरी गेला तर त्याचा फटका आपल्याही बेरजेला बसायचा धोका असतो. पण जगाच्या माथ्यावरही याच पद्धतीने निकाल लागले आहेत. पुण्याची सौम्या स्वामिनाथन २००९ साली अर्जेंटिनात जागतिक ज्युनिअर मुलींची विजेती झाली, तेव्हा आणखी दोघी तिच्याइतक्याच गुणांवर होत्या. टायब्रेकने मुकुट सौम्याला दिला. २००२ साली ग्रीसमध्ये बाराखालच्या गटात दोन मुलं समान गुणांवर आली. टायब्रेकवर पहिला ठरला रशियाचा यान नेपोम्नियाश्ची, दुसरा ठरला नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन. पुढे २०२१ साली दुबईत जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसनने त्याच नेपोम्नियाश्चीला हरवलं.

६. रेटिंग : उपयोगाचं, पण लहानांसाठी शिळं

"रेटिंग किती?" हा स्पर्धेच्या ठिकाणी दोन पालकांमधला पहिला प्रश्न. रेटिंग म्हणजे ताकदीचा आकडा. फिडे तो दर महिन्याला जाहीर करते. २०२४ च्या मार्चपासून सगळ्यांत खालची मर्यादा १४०० आहे. त्याखाली रेटिंग नाहीच.

तो बदलतो कसा? दोघांच्या रेटिंगमधल्या फरकावरून अपेक्षा ठरते. २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभरात साधारण ७६ गुण मिळवावेत, खालच्याने २४. तुमच्या १५०० च्या मुलीने १७०० वाल्याला हरवलं तर तिने अपेक्षेपेक्षा ०.७६ जास्त मिळवले. मुलांसाठी हा फरक ४० ने गुणतात, म्हणजे तिची कमाई ३०.४. हरली असती तर ०.२४ गुणिले ४०, म्हणजे फक्त ९.६ गेले असते. रेटिंग २३०० खाली असेपर्यंत अठराव्या वाढदिवसाच्या वर्षाअखेरीपर्यंत मुलांना हाच ४० चा गुणक; मोठ्यांना २०, फार वरच्यांना १०. कारण मुलं भराभर सुधारतात आणि आकड्याला त्यांच्यामागे धावावं लागतं.

धावूनही तो मागेच राहतो. चार महिने घरी बसून तयारी केलेल्या मुलाचं रेटिंग चार महिन्यांपूर्वीचंच असतं. शिवाय रेटिंग वाढवायला रेटिंगच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि प्रत्येक स्पर्धा म्हणजे शुल्क, प्रवास, राहणं. म्हणून लहान गटांत रेटिंगवरून निवड न करता एका स्पर्धेतल्या क्रमांकावरून करायची, हे मला योग्य वाटतं. एक वाईट आठवडा, एक सर्दी, एक चुकून शिवलेलं मोहरं, आणि वर्ष गेलं, हे त्यातलं क्रौर्य खरं. पण वालीवच्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलाइतकीच संधी मिळते ती याच पद्धतीत. वर गेल्यावर चित्र बदलतं. ऑलिंपियाडच्या संघासारख्या ठिकाणी रेटिंगला मोठं वजन असतं, आणि ते तिथे शोभतंही.

७. पटावर बसायचा हक्क

गटांची नावं 'खुला' आणि 'मुली' अशी असतात, 'मुलगे' आणि 'मुली' अशी नाही. हा फरक वरवरचा नाही, आणि त्यामागे एक मराठी घर आहे.

गिरगावातल्या खाडिलकर बहिणी, वासंती, जयश्री आणि रोहिणी, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. राष्ट्रीय महिला स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली, पहिली वासंतीने जिंकली, आणि पुढचं दशकभर ते विजेतेपद या घराबाहेर गेलं नाही म्हणायला हरकत नाही. १९७६ साली धाकटी रोहिणी, जेमतेम तेराची, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला उतरली. गदारोळ झाला. मुलीने पुरुषांत खेळावं की नाही, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटी फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव, स्वतः माजी जगज्जेते, यांनी निर्वाळा दिला : स्त्रियांना राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळता येणार नाही. रोहिणी १९८१ साली आशियाई महिला विजेती झाली.

आज तुमची मुलगी खुल्या गटात खेळू शकते, ती सवलत नाही, हक्क आहे. फक्त एका स्पर्धेत एकच गट निवडता येतो. मुलींच्या गटात भारताचा झेंडा मिळायची शक्यता जास्त, खुल्यात टक्कर जास्त. हा निर्णय बाबांनी एकट्याने घेऊ नये, मुलीला विचारावं.

८. निवड झाली. आता खर्च कोण करणार?

वर्तमानपत्रात 'भारतीय संघात निवड' असं येतं, त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि बातमी त्या वेगळ्या सांगत नाही.

फिडेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक देशाला प्रत्येक गटात एक अधिकृत खेळाडू पाठवता येतो. त्याचं राहणं-जेवण यजमान बघतात. आपल्याकडे ही जागा राष्ट्रीय विजेत्याची. याशिवाय मागच्या जागतिक स्पर्धेत वर आलेल्यांना आणि खंडाच्या विजेत्यांना स्वतःचा हक्क असतो. बाकीचे सगळे 'जादा खेळाडू'. त्यांना देशाचं नाव मिळतं, पटाशेजारी तिरंग्याची पाटी मिळते, पण राहणं, जेवण, विमान, व्हिसा, सोबतच्या पालकाचा खर्च, प्रशिक्षकाची फी, सगळं स्वतःचं. राष्ट्रीय स्पर्धेत पहिला आणि दुसरा यांच्यात कधी टायब्रेकच्या अर्ध्या गुणाचाच फरक असतो. पैशात मात्र एकाच्या हाती निमंत्रण येतं, दुसऱ्याच्या हाती बिल.

कितव्या क्रमांकापर्यंतच्या मुलांना जादा म्हणून जाता येईल, शुल्क किती, मुदत कधी, हे महासंघ दर वर्षी परिपत्रकाने कळवतो आणि ते दर वर्षी तसंच राहील असं नाही. मागच्या वर्षीचं परिपत्रक पाठ करून यंदा चुकलेले पालक मी पाहिले आहेत. संकेतस्थळ स्वतः उघडा. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर विसंबू नका.

जादा खेळाडू म्हणून जावं का? घरावर कर्ज काढून आठाखालच्या मुलाला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वयात तेवढ्याच पैशात दोन वर्षांचं चांगलं प्रशिक्षण आणि देशातल्या दहा-बारा रेटिंग स्पर्धा होतात. चौदा-सोळाच्या पुढे गोष्ट वेगळी. तिथे किताबाच्या वाटेवर असलेल्या मुलाला परदेशी प्रतिस्पर्धी लागतात. दिव्या देशमुख २०२४ साली गांधीनगरला ११ पैकी १० गुणांनी मुलींची जागतिक ज्युनिअर जिंकली आणि पुढच्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक घेऊन थेट ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिच्यामागे डर्बनपासूनचे दहा-अकरा वर्षांचे परदेशी डाव होते. ते कुणीतरी जुळवून आणले होते. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत.

वालीवमध्ये लहानमोठे कारखाने आणि गाळे रांगेने उभे आहेत, आणि त्यांच्या मालकांत मुलांच्या कौतुकाचे फलक लावायची हौसही आहे. त्यांना एक विनंती. फलक मूल परत आल्यावर लागतो, आणि मदत लागते ती त्याआधी : राज्य स्पर्धेच्या चार दिवसांत बुडणारा आईचा रोज, रेल्वेचं तिकीट, नऊ फेऱ्यांची राहायची सोय. जिल्हा निवडीत पहिल्या चारांत आलेल्या एका मुलाचा किंवा मुलीचा एवढा खर्च उचला. आणि आपल्या कामगाराचं मूल खेळत असेल, तर त्या आठवड्यात त्याची रजा कापू नका.